इंटरनेट मंद का चालते? घरातील तारेची तपासणी आणि दुरुस्ती

तालुक्याच्या गावांतून, किंबहुना अनेक लहान खेड्यांतूनही, काचतंतूची केबल आता घराच्या भिंतीपर्यंत येऊन पोचली आहे. ग्रामपंचायती काचतंतूने जोडण्याचा राष्ट्रीय प्रकल्प २०११ मध्ये मंजूर झाला. तोच पुढे ‘भारतनेट’ या नावाने ओळखला जाऊ लागला आणि महाराष्ट्रात त्यास ‘महानेट’ची जोड मिळाली. खाजगी कंपन्या व स्थानिक केबलचालक यांनीही आपापले जाळे पसरले. शाळेची माहिती ‘यू-डायस प्लस’वर भरावयाची, ग्रामपंचायतीचा हिशेब ‘ई-ग्रामस्वराज’वर चढवावयाचा, मुलांचे प्रवेश-अर्ज, निकाल, शिष्यवृत्त्या, ही सारी कामे या जोडणीवर अवलंबून आहेत. साहजिकच ‘नेट मंद आहे’ ही तक्रार आज पूर्वीच्या ‘नळाला पाणी नाही’ या तक्रारीइतकीच घरोघर ऐकू येते.

ही तक्रार होताच दोष कंपनीकडे दिला जातो. पुष्कळदा तो तिचा असतोही. परंतु नळाचे पाणी कमी दाबाने येत असेल तर रस्त्यावरील जलवाहिनी पाहण्यापूर्वी घरातील गंजलेला पाइप पाहावा लागतो, तसेच येथेही आहे. कंपनीची जबाबदारी भिंतीवरील पेटीपाशी संपते. तेथून मेजावरील संगणकापर्यंतची तार ही घरमालकाची असून ती कोणी टाकली, कशी टाकली व तिच्या टोकांना प्लग कोणी बसविले याची नोंद बहुधा कोठेच नसते.

उदाहरणादाखल तालुक्याच्या गावातील एक दुमजली घर डोळ्यांपुढे आणावे. घरातील सूनबाई पुण्याच्या एका कंपनीत नोकरीस आहेत व सासूबाईंच्या आजारपणामुळे गावी राहून काम करण्याची परवानगी त्यांनी मिळविली आहे. पेटी तळमजल्यावर, काम वरच्या खोलीत. घर बांधतानाच वायरमनने भिंतीतून तार वर नेली आहे. बैठकीच्या वेळी मात्र पडद्यावरील चेहरे गोठतात, बोलणे तुटते, आणि ‘तुमच्याकडे नेट नीट नसेल तर कार्यालयात या’ असा निरोप येतो. घरच्यांनी १०० मेगाबिटांचा प्लॅन सोडून ३०० मेगाबिटांचा घेतला. मासिक खर्च वाढला, चेहरे गोठावयाचे राहिले नाहीत. अशा घराने काय करावे, हे या लेखात पाहावयाचे आहे.

आकड्यांचा घोळ

तपासणीपूर्वी मोजमापाची एकके स्पष्ट असावीत. कंपनी वेग सांगते तो मेगाबिटांत, आणि संगणक फाइल उतरविताना दाखवितो तो बहुतेक वेळा मेगाबाइटांत. आठ बिटांचा एक बाइट होतो. यास्तव १०० मेगाबिटांच्या जोडणीवर फाइल सेकंदास ११-१२ मेगाबाइटांनी उतरत असेल, तर कोठेही गळती नाही. ‘शंभर सांगून बाराच देतात’ अशा कित्येक तक्रारी केवळ या घोळातून जन्मास येतात.

दुसरा आकडा ९४ हा होय. घरातील इथरनेट जोडणी सेकंदास १०, १०० वा १,००० मेगाबिट अशा ठराविक पायऱ्यांवर चालते. प्रत्येक संदेशखंडाबरोबर पत्ता, तपासणीचा आकडा व थोडी मोकळी जागा जात असल्याने १,५३८ बाइटांच्या वाहतुकीत प्रत्यक्ष माल साधारणपणे १,४६० बाइटांचाच असतो. त्यामुळे १०० मेगाबिटांच्या पायरीवर वेगमापक ९४-९५ च्या पलीकडे जात नाही. प्लॅन ३०० चा असून चाचणीत दर वेळी ९४ च्या आसपासच आकडा येत असेल, तर मार्गात कोठेतरी १०० ची पायरी आहे असे जवळजवळ निश्चितपणे म्हणता येते. संगणकावरही हे पाहता येते. विंडोजच्या सेटिंगमध्ये नेटवर्क व त्याखाली इथरनेट उघडल्यास जोडणीची पायरी ‘लिंक स्पीड’ या नावाने लिहिलेली आढळते.

दोष कोणत्या बाजूस?

तपासणीचे पहिले काम दुरुस्ती नसून विभागणी हे आहे. संगणक उचलून राउटरजवळ न्यावा. हात-दोन हात लांबीच्या, कारखान्यातून प्लग लावून आलेल्या चांगल्या तारेने तो थेट राउटरला जोडावा. संगणकाचे वाय-फाय बंद करावे. तार जोडलेली असतानाही संगणक वाय-फायनेच बोलत असल्याचे प्रकार थोडे नाहीत, आणि मग तारेची परीक्षा होतच नाही. घरातील इतर मोबाइल, दूरदर्शन संच व कॅमेरे काही मिनिटे बाजूस ठेवावेत आणि वेग मोजावा. सकाळी एकदा व रात्री नऊच्या सुमारास एकदा असे दोन दिवस मोजून वहीत लिहून ठेवल्यास उत्तम.

येथे वेग ठीक आला आणि वरच्या खोलीत येत नसेल, तर दोष मधल्या तारेत आहे. येथेही वेग नसेल, तर राउटर, संगणक वा कंपनी यांपैकी एकाकडे पाहावे लागेल. दुसरा संगणक जोडून पाहिल्यास त्यांतील एक नाव आणखी गळते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा नियम कंटाळवाणा वाटला तरी मोडू नये. तार, राउटर व सेटिंग तिन्ही एकदम बदलून जोडणी सुधारली, तर दोष कशात होता हे कधीच कळत नाही आणि पुढच्या खेपेस पुन्हा तिन्हींचा खर्च येतो.

वेगाइतकीच महत्त्वाची दुसरी परीक्षा गळतीची. संगणकावरील आदेशपटावर ‘पिंग’ हा आदेश देऊन राउटरला लागोपाठ शंभर हाका मारता येतात. राउटरचा पत्ता ‘डिफॉल्ट गेटवे’ या नावाने संगणकच सांगतो. घरातल्या घरात तारेवरून मारलेल्या हाकेस साधारण एक मिलिसेकंदात किंवा त्याहून लवकर उत्तर यावे आणि शंभरांपैकी एकही हाक वाया जाऊ नये. हाका गहाळ होत असतील, तर बाहेरच्या कंपनीचा त्याशी संबंध नाही, कारण हा संदेश घराबाहेर गेलेलाच नसतो. आपल्या उदाहरणातील घरी राउटरजवळ सर्व काही सुरळीत आढळले. वरच्या खोलीत मात्र वेग क्षणाक्षणाला बदलत होता आणि शंभर हाकांतील काही निरुत्तर राहत होत्या. चेहरे गोठण्याचे कारण तेच. बैठकीच्या चित्रासाठी लागणारा वेग थोडा असतो. जुना १०० चा प्लॅनही त्यास पुरेसा होता. गहाळ झालेले संदेश मात्र नव्या प्लॅनने परत येत नाहीत.

आठ तारा आणि त्यांचा पीळ

इथरनेटचा जन्म १९७३ मध्ये अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात झाला. रॉबर्ट मेटकाफ व डेव्हिड बॉग्ज ही त्यातील प्रमुख नावे. प्रकाश वाहून नेणारे ‘ईथर’ नावाचे द्रव्य सर्वत्र भरलेले आहे अशी जी जुनी कल्पना पदार्थविज्ञानाने टाकून दिली होती, तिच्यावरून मेटकाफ यांनी हे नाव घेतले. सुरुवातीची ती एकच जाड सामायिक तार आता इतिहासजमा झाली असून आजच्या घरात असते ती पीळ दिलेल्या चार जोड्यांची, म्हणजे आठ तारांची केबल. या तारेवरून १,००० मेगाबिट नेण्याचे मानक १९९९ मध्ये निश्चित झाले.

तारांना पीळ का देतात हे समजले की निम्मे दोष आपोआप समजतात. जोडीतील दोन तारांतून एकच संदेश परस्परविरुद्ध रूपात जातो व पलीकडचे टोक त्या दोहोंतील फरक तेवढा वाचते. बाहेरून आलेला विद्युत-उपद्रव दोन्ही तारांवर सारखाच पडला, तर फरक काढताना तो वजा होऊन जातो. तो सारखा पडावा म्हणूनच पीळ. चार जोड्यांचे पीळही मुद्दाम कमी-अधिक ठेवलेले असतात, जेणेकरून शेजारच्या जोडीचा संदेश हिच्यात शिरू नये. पीळ उलगडला की हे संरक्षण गेले.

आता प्लगकडे पाहावे. खिट्टी पलीकडे, सोनेरी दाते आपल्याकडे आणि तार खालून येते असा प्लग धरल्यास डावीकडून पहिला दाता मोजावा. प्रचलित क्रम असा आहे : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. या क्रमात हिरव्या जोडीच्या दोन तारा एकमेकींपासून दूर, तिसऱ्या व सहाव्या दात्यावर जातात आणि निळी जोडी त्यांच्या मध्ये बसते. पाहणाऱ्यास हे विचित्र वाटते. म्हणून विजेच्या कामात मुरलेला, पण या कामास नवा असलेला वायरमन क्रम ‘सरळ’ करून टाकतो : नारिंगी जोडी, हिरवी जोडी, निळी जोडी, तपकिरी जोडी. दोन्ही टोकांस रंगास रंग जुळला, मग बिघडले कोठे, असा त्याचा युक्तिवाद असतो. दिव्याच्या वायरिंगमध्ये तो बिनतोडही आहे.

येथे मात्र तो घातक ठरतो. यंत्र तिसरा व सहावा दाता ही एक जोडी समजते. ‘सरळ’ क्रमात तिसऱ्यावर हिरव्या जोडीतील तार व सहाव्यावर निळ्या जोडीतील तार येते. या दोघींचा एकमेकींशी पीळच नसल्याने उपद्रव वजा होत नाही, उलट शेजारच्या जोडीतील संदेश आत शिरतो. संदेशखंड बिघडतात, फेकले जातात, पुन्हा पाठवावे लागतात, आणि ज्या कामात पुन्हा पाठविण्यास वेळ नसतो तेथे चित्र गोठते. दुर्दैव असे की आठ दिव्यांचे स्वस्त तपासणी-यंत्र अशा तारेला निर्दोष ठरविते. ते केवळ एका टोकाचा दाता दुसऱ्या टोकाच्या त्याच क्रमांकाशी जोडला आहे की नाही एवढेच पाहते. जोड्या फुटल्या आहेत हे त्यास कळत नाही. ते कळण्यास डोळे लागतात : प्लग पारदर्शक असतो, तो उजेडात धरून रंग वाचावेत. आपल्या उदाहरणातील दोन्ही टोकांस नेमका हाच ‘सरळ’ क्रम होता.

दुरुस्ती साधी आहे. दोन्ही प्लग कापून टाकावेत, बाहेरचे आवरण थोडेसे सोलावे, तारा वरील क्रमाने लावून सारख्या कापाव्यात व नवे प्लग दाबयंत्राने बसवावेत. पीळ शेवटच्या १३ मिलिमीटरांपेक्षा अधिक उलगडू नये आणि बाहेरचे आवरण प्लगच्या आत येऊन त्याच्या चिमट्यात दाबले जावे. ते बाहेर राहिले तर ओढाताणीचा सारा भार बारीक तारांवर पडतो. पहिले एक-दोन प्लग वाया जातील असे धरूनच ते विकत आणावेत.

एक तार तुटली तर

१०० ची पायरी चारपैकी दोनच जोड्या वापरते, म्हणजे पहिला, दुसरा, तिसरा व सहावा दाता. १,००० च्या पायरीला मात्र आठही तारा लागतात. उरलेल्या चारांपैकी एखादी जरी खिडकीच्या दारात चेपली, उंदराने कुरतडली वा प्लगमध्ये नीट टेकली नाही, तरी जोडणी बंद पडत नाही. ती मुकाट्याने १०० वर उतरते आणि घरच्यांना ९४ चा आकडा दिसू लागतो. काही ठिकाणी चार तारांवर संगणक व उरलेल्या चारांवर दूरध्वनी अशी काटकसर केलेली आढळते. एके काळी ती शहाणपणाची होती, आज तीच अडसर ठरते.

याहूनही वाईट प्रकार जोडाचा. तार अपुरी पडली म्हणून दोन तुकडे पिळून त्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळण्याची सवय सर्वत्र आहे. विजेच्या तारेसही ते योग्य नव्हेच, आणि येथे तर प्रत्येक जोडाशी पीळ मोडतो व पावसाळ्यात ओल शिरते. तयार जोडणी-पेटी वापरावी, किंवा खरे म्हणजे अखंड तार नवी टाकावी.

नवी तार घेताना ‘कॅट ५-ई’ अथवा ‘कॅट ६’ असे आवरणावर छापलेले पाहावे. घरासाठी दोहोंपैकी कोणतीही पुरते. तिच्यातील धातू मात्र तपासून घ्यावा. बाजारात तांब्याचा केवळ मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार याच नावाने व कमी किमतीत मिळते. वेटोळे हातात घेताच हलके लागते आणि तार पात्याने खरवडली की आत पांढरा धातू दिसतो. ती ठिसूळ असते, वळणावर तुटते, आणि मानकांत बसत नाही. पाच-दहा मीटरांत तिचा दोष दिसणारही नाही. वीस-तीस मीटर भिंतीत गाडल्यावर मात्र तो दुरुस्त करणे म्हणजे भिंत फोडणे होय.

लांबीची मर्यादा १०० मीटर आहे व घरात ती सहसा गाठली जात नाही. शाळा वा ग्रामपंचायतीच्या आवारात ती गाठली जाऊ शकते, आणि तेथे याहून मोठी बाब विजेची आहे. एका इमारतीतून दुसरीत उघड्यावरून तांब्याची तार नेली, तर वळवाच्या विजांच्या दिवसांत दोन्ही टोकांची यंत्रे धोक्यात येतात. दोन इमारतींमध्ये काचतंतूच टाकावा व दोन्ही टोकांस रूपांतरक पेट्या बसवाव्यात. घरातही पंपाच्या वा गिझरच्या तारेबरोबर एकाच पाइपातून ही तार नेऊ नये. वेगाचा प्रश्न दुय्यम आहे, आवरण विरघळले तर प्राणाशी गाठ असते.

तार चांगली असूनही

तार निर्दोष ठरल्यावर पेट्यांकडे वळावे. स्वस्त राउटरांची तसेच खोलीत बसविलेल्या पाच छिद्रांच्या स्विचची छिद्रे बऱ्याचदा १०० च्याच पायरीची असतात. कंपनीने दिलेल्या काही पेट्यांत एकच छिद्र १,००० चे व बाकीची १०० ची असतात. तार योग्य छिद्रात हलविणे एवढीच तेथील दुरुस्ती. यूएसबीत खोचावयाच्या लहान जोडतुकड्यांचेही तसेच. खोक्यावर ‘१०/१००’ असे लिहिलेले असेल तर त्यापुढे त्याची धाव नाही.

कधी दोष सेटिंगमध्ये दडतो. दोन्ही टोकांनी परस्परांशी बोलणी करून पायरी ठरवावी अशी योजना आहे. कोणी ‘वेग वाढावा’ म्हणून एका टोकास १०० पूर्ण-दुहेरी असे हाताने ठरवून दिले, तर दुसऱ्या टोकास बोलणी करण्यास कोणी भेटत नाही व ते एकेरी पद्धतीवर जाते. एक बाजू ऐकता-ऐकताच बोलते, दुसरी त्यास टक्कर समजते. अशा जोडणीवर हाकांना उत्तरे वेळेवर येतात, मात्र मोठी फाइल लावताच वेग रांगू लागतो. दोन्ही टोके पुन्हा स्वयंचलित ठेवावीत. शाळांच्या संगणककक्षांत आणखी एक प्रकार घडतो : मोकळे लोंबणारे टोक कोणीतरी नीटनेटकेपणासाठी त्याच स्विचमध्ये खोचतो, वर्तुळ पूर्ण होते, आणि संदेश अंतहीन फिरत राहून सारा कक्ष ठप्प होतो. ते टोक काढताच कक्ष जागा होतो.

सायंकाळीच वेग पडत असेल तर घरातून बाहेर जाणारी वाहतूकही पाहावी. मोबाइल दिवसभराची छायाचित्रे चढवीत असतो, कॅमेरा चित्रण पाठवीत असतो. बाहेर जाण्याची वाट भरली की आत येणाऱ्या संदेशांच्या पोचपावत्याही तिच्यात अडकतात व येणेही मंदावते. ही कामे मध्यरात्रीवर ढकलता येतात.

एवढे करून राउटरजवळच वेग कमी भरत असेल, तर तक्रार कंपनीकडेच करावयाची व ती नोंदवहीसह करावयाची. दिनांक, वेळ, थेट तारेने मोजलेला वेग व गळती इतके लिहिलेले असले की ‘राउटर बंद करून चालू करा’ या उत्तरावर बोळवण होणे कठीण जाते. तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या विनियमांनुसार तक्रार केंद्राच्या उत्तराने समाधान न झाल्यास कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते, आणि तेथे हा क्रमांक लागतो. प्राधिकरण स्वतः व्यक्तिगत तक्रारींचा निवाडा करीत नाही, हे ध्यानात असलेले बरे.

उदाहरणातील घरी दोन नवे प्लग बसताच वरच्या खोलीतील संगणकाने १,००० ची पायरी दाखविली व शंभरही हाकांना उत्तरे आली. पुढील महिन्यात १०० चा जुना प्लॅन पुन्हा घेण्यास हरकत उरली नाही. तळमजल्यावरील दूरदर्शन संच अजूनही १०० वरच जोडलेला दिसतो. त्या संचाचे छिद्रच तेवढ्या पायरीचे आहे आणि चित्रपटास त्याहून पुष्कळ कमी वेग लागतो, तेव्हा त्या तारेला हात लावण्याचे कारण नाही.